मालाडचा दगड आणि नगराचे हृदय

मुंबईच्या अपोलो बंदरावरील गेटवे ऑफ इंडियाला ४ डिसेंबर २०२४ रोजी शंभर वर्षे पूर्ण झाली. मुंबईत आलेला पाहुणा या कमानीपुढे उभा राहून छायाचित्र काढल्यावाचून परतत नाही. पण ती कमान ज्या पिवळसर दगडात उभी आहे तो दगड कोठला, हे मालाडमध्ये तीन पिढ्या काढलेल्या कुटुंबांतही फारसे कोणाला ठाऊक नसते. तो दगड मालाडच्या पश्चिमेस, मार्वेच्या वाटेवर असलेल्या खारोडीचा आहे. गेटवेपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या, म्हणजेच आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयाच्या भिंतींतही कुर्ल्याच्या काळ्या-निळ्या दगडाच्या जोडीला मालाडचाच पिवळा दगड बसवलेला आहे. साम्राज्याला आपले वैभव मिरवण्यासाठी जो दगड हवा होता, तो साष्टीच्या खेड्यांनी आपल्या टेकड्या पोखरून दिला.

ज्या मालाडने दक्षिण मुंबईच्या भव्यतेला दगड पुरवला, त्या मालाडला स्वतःला काय मिळाले, हा प्रश्न आम्ही आज वाचकांसमोर ठेवू इच्छितो. तो केवळ रस्त्यांचा, गटारांचा किंवा चटईक्षेत्राचा प्रश्न नाही. नगररचना हा अभियंत्यांचा आणि फार तर महापालिकेचा विषय आहे, अशी आपली समजूत असते. वस्तुतः नगराची मांडणी हे त्या काळच्या समाजाचे किंवा सत्तेचे जाहीर निवेदन असते. नगराच्या मध्यभागी कोणाला बसवले आहे, उंचावर कोणाला, वेशीबाहेर कोणाला ढकलले आहे, रस्ता कोणाच्या दारातून निघून कोणाच्या दारापर्यंत जातो, एवढे पाहिले की त्या नगराचा धर्म कळतो. येथे धर्म हा शब्द आम्ही उपासनापद्धती या अर्थाने नव्हे, धारणा या अर्थाने वापरीत आहोत.

गेटवेचीच कथा पाहा. पाचवा जॉर्ज आणि राणी मेरी २ डिसेंबर १९११ रोजी अपोलो बंदरावर उतरले तेव्हा तेथे दगडी कमान नव्हतीच. पुठ्ठ्याची उभारलेली एक प्रतिकृती होती. त्यानंतर दहाच दिवसांनी दिल्लीच्या दरबारात राजधानी कलकत्त्याहून दिल्लीस हलवण्याची घोषणा झाली. जॉर्ज विटेट या वास्तुविशारदाने कमानीचा आराखडा केला, त्याला १९१४ मध्ये मंजुरी मिळाली आणि प्रत्यक्ष वास्तू १९२४ मध्ये पुरी झाली. सोळाव्या शतकातील गुजराती वास्तुशैलीचे वळण तिला दिलेले आहे. राज्य परक्यांचे, पण पोशाख देशी, ही त्या काळच्या साम्राज्यवादी वास्तुकलेची चतुराई होती. हिंदुस्थानचे दार समुद्राकडे आहे आणि त्या दारातून सम्राट आत येतो, असे ही कमान सांगत होती. ज्या देशाची सारी महाद्वारे हजारो वर्षे तीर्थांकडे, घाटांकडे, खिंडींकडे उघडत होती, त्याचे 'प्रवेशद्वार' एका बोटीच्या धक्क्यावर ठरवले गेले. एक गंमत मात्र सांगितली पाहिजे. कमानीकडे सरळ येणारा जो प्रशस्त मार्ग योजला होता, तो पैशांअभावी झालाच नाही. म्हणूनच आजही गेटवे समोरून येणाऱ्या रस्त्याशी किंचित तिरपा उभा आहे. साम्राज्याची भाषा ऐन वाक्यात अडखळली ती अशी! पुढे २८ फेब्रुवारी १९४८ रोजी सॉमरसेट लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण याच कमानीखालून बोटीत बसली आणि शेवटच्या गोऱ्या सैन्याची पाठवणी झाली. २६ जानेवारी १९६१ रोजी तिच्यासमोर शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा उभा राहिला. दगड तोच, खारोडीचा. पण त्याने दिलेली साक्ष आता फिरली.

गेटवे हे त्या निवेदनाचे शेवटचे वाक्य म्हणावे लागेल. पहिले वाक्य साठ वर्षे आधीच लिहिले गेले होते. १८६० च्या दशकात गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर याच्या कारकिर्दीत मुंबईच्या किल्ल्याच्या भिंती पाडल्या गेल्या आणि मोकळ्या झालेल्या जागेत सरकारी इमारतींची रांग उभी राहिली. १८७४ साली सचिवालय झाले, १८७८ साली उच्च न्यायालय आणि विद्यापीठाचा राजाबाई मनोरा. या साऱ्यांची तोंडे पश्चिमेकडे, समुद्राकडे आहेत. मागे दाटीवाटीची देशी वस्ती आणि पुढे मोकळे मैदान, अशी ही मांडणी. बंदरावर येणाऱ्या जहाजाला जे दिसावे त्यासाठी ती केलेली होती. गिरगाव-भुलेश्वरच्या रहिवाशासाठी नव्हे. बोरीबंदरच्या स्थानकाच्या फाटकाशी ब्रिटिश सिंह आणि हिंदी वाघ समोरासमोर बसवले गेले आणि घुमटाच्या टोकावर 'प्रगती'ची मूर्ती चढवली गेली. ज्या मुंबादेवीवरून या नगराला नाव मिळाले, तिचे मूळ देऊळ याच परिसरात होते, असे मुंबईचे इतिहासकार सांगतात. अठराव्या शतकात ते तेथून हलले आणि देवी आत, बाजारपेठेच्या वस्तीत गेली. ग्रामदेवतेने जागा सोडली आणि त्या परिसरात शतकभराने 'प्रगती' चढली. मांडणीचे तत्त्वज्ञान याहून स्पष्ट शब्दांत कोणी सांगावे?

हे काही इंग्रजांनीच केले असे नाही. अब्बासी खलिफा अल्-मन्सूर याने इ.स. ७६२ मध्ये बगदाद वसवले ते वर्तुळाकार, आणि त्या वर्तुळाच्या केंद्रस्थानी स्वतःचा प्रासाद व मशीद ठेवली. पॅरिसमध्ये १८५३ ते १८७० या काळात बॅरन ओसमानने जुन्या गल्ल्या फोडून रुंद, सरळ हमरस्ते काढले. त्यामागे हवा-उजेड होता, तशीच बंडखोरांना रस्त्यांत अडथळे उभारता येऊ नयेत ही सम्राटाची चिंताही होती. उलट अमेरिकेने १७९१ साली आपल्या राजधानीचा आराखडा केला तेव्हा टेकडीवर राष्ट्राध्यक्षाचे घर न ठेवता लोकप्रतिनिधींचे सभागृह ठेवले. नव्या दिल्लीत रायसीनाच्या टेकडीवर व्हाइसरॉयचा प्रासाद आणि त्याच्या पायथ्यापासून निघणारा 'किंग्जवे' हे त्याच भाषेतील आणखी एक वाक्य होते. त्या मार्गाच्या टोकाला छत्रीखाली उभा असलेला पाचवा जॉर्ज १९६८ मध्ये हलवला गेला. छत्री मात्र अर्धशतकाहून अधिक काळ रिकामीच राहिली. सप्टेंबर २०२२ मध्ये तेथे नेताजी सुभाषचंद्र बोस यांची मूर्ती आली आणि राजपथाचा कर्तव्यपथ झाला. हे नामांतर उचितच होते. परंतु नाव बदलणे ही सुरुवात असते. रस्त्याची दिशा बदलण्याचे काम त्याहून अवघड आहे, आणि त्याबद्दल बोलताना आपण फारसे आढळत नाही.

मग आपल्या परंपरेत नगराच्या मध्यभागी काय होते? कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील दुसऱ्या अधिकरणात दुर्गनिवेशाचे प्रकरण आहे. त्यात पूर्व-पश्चिम तीन आणि दक्षिण-उत्तर तीन राजमार्ग सांगितले आहेत आणि नगराला बारा द्वारे. जो राजा या ग्रंथाचा केंद्रबिंदू आहे असे आपण मानतो, त्याचा निवास मात्र नगराच्या मधोमध नाही. तो 'वास्तुहृदया'च्या उत्तरेला, नवव्या भागात आहे. नगराच्या मध्यभागी देवतांची स्थाने आहेत. साम, दान, दंड, भेद सांगणाऱ्या, हेरांचे जाळे विणणाऱ्या या कठोर व्यवहारवादी आचार्याने नगराचे हृदय राजाला दिले नाही, हे नीट ध्यानात घेण्यासारखे आहे. पुढील वास्तुग्रंथांत हाच विचार ब्रह्मस्थान या नावाने येतो. चौसष्ट किंवा एक्याऐंशी पदांच्या वास्तुमंडलात मधली पदे ब्रह्मदेवाची. तेथे कोणी भिंत घालावयाची नाही, खांब रोवावयाचा नाही. आपल्या जुन्या वाड्यांचे चौक, कोकणातल्या घरांची अंगणे ही त्याच विचाराची घरगुती रूपे होत. आजकाल वास्तुशास्त्राच्या नावाने स्वयंपाकघराची दिशा आणि तिजोरीचा कोपरा विचारणारे पुष्कळ भेटतात. ब्रह्मस्थान कोठे आहे आणि ते मोकळे आहे ना, असे विचारणारा ग्राहक मात्र आमच्या पाहण्यात नाही. त्याच प्रकरणात कौटिल्याने दहा कुटुंबांमागे एक विहीर सांगितली आहे, हे तर कोणाच्या गावीही नसते.

हा विचार नंतरही जिवंत राहिला. सवाई जयसिंहाने १७२७ साली जयपूरची पायाभरणी केली तेव्हा विद्याधर भट्टाचार्य यांच्या साहाय्याने नऊ चौकटींची मांडणी आखली. नगराच्या मध्यभागी राजवाडा आला खरा. पण चंद्रमहालातून समोर गोविंददेवाचे दर्शन व्हावे अशी देवळाची जागा योजली गेली. मदुराईत मीनाक्षीच्या देवळाभोवती एकात एक असे रस्त्यांचे चौकोन आहेत आणि त्या रस्त्यांना तमिळ महिन्यांची नावे आहेत; त्या त्या महिन्यात देवीची मिरवणूक त्या त्या रस्त्याने निघावी, असा तो संकेत. तेथे पंचांगच नकाशावर उतरले आहे.

येथे एक गोष्ट झाकून ठेवणे आम्हाला उचित वाटत नाही. याच अर्थशास्त्रात नगराच्या चारही दिशा वर्णांनुसार वाटून दिलेल्या आहेत आणि चांडाळांना स्मशानाच्या कडेला जागा दाखवलेली आहे. आपल्या गावगाड्यातही हेच झाले. देऊळ मध्यभागी राहिले, पण वेशीबाहेर महारवाडा, मांगवाडा राहिला. विहीर राहिली, पण ती सर्वांची राहिली नाही. प्राचीन ग्रंथांचा अभिमान बाळगताना या नकाशाकडे डोळेझाक करणे म्हणजे आत्मवंचनाच. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले, तेव्हा त्यांनी एका अर्थाने हिंदू नगराची मांडणीच दुरुस्त केली. हृदय सर्वांचे नसेल तर ते हृदय कसले, हा त्यांचा प्रश्न होता. चारच वर्षांनी, १९३१ साली, स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या प्रेरणेने आणि भागोजीशेठ कीर यांच्या औदार्याने रत्नागिरीत पतितपावन मंदिर उभे राहिले, ते सर्व हिंदूंसाठी खुले म्हणूनच. देवळाचे दार कोणासाठी उघडे आहे हाही नगररचनेचाच भाग असतो. एक पाणवठा, एक मंदिर, एक स्मशान या आपल्या आग्रहाकडे आम्ही या अर्थाने पाहतो. ती समाजसुधारणेची घोषणा आहेच. शिवाय ती नगराच्या नकाशावरील तीन स्थाने सांगते.

महाराष्ट्रात या विषयाचे सर्वांत बोलके उदाहरण पुण्याचे. इ.स. १६३० च्या सुमारास आदिलशाही फौजेने मुरार जगदेवाच्या नेतृत्वाखाली पुण्याची जाळपोळ केली, गाढवाचा नांगर फिरवला आणि पहार ठोकली. ही भूमी आता वसतीला अयोग्य, असे ते फर्मान होते; फक्त ते कागदाऐवजी मातीवर लिहिले होते. जिजाऊ आईसाहेबांनी बाल शिवबांसह तेथे पाऊल ठेवले आणि त्याच मातीत सोन्याच्या फाळाचा नांगर फिरवून घेतला, असे परंपरा सांगते. कसब्यातील गणपतीचे देऊळ त्यांनीच बांधविले आणि तो गणपती पुण्याचे ग्रामदैवत झाला. गाढवाच्या नांगराला उत्तर म्हणून आधी तटबंदी नव्हे, फौज नव्हे, तर नांगर आणि देऊळ! दहशतीने भुईवर लिहिलेले वाक्य त्यांनी त्याच लिपीत खोडले. प्राचीन रोममध्येही नवे नगर वसवताना बैल आणि गाय जुंपून, पितळी फाळाने नगराची सीमारेषा नांगरण्याचा विधी होता, आणि जेथे वेस यावयाची तेथे नांगर उचलून धरीत. मातीत पहिली रेघ कोणी आणि कोणत्या भावनेने ओढली, यावर नगराचे भवितव्य ठरते, हे दोन टोकांच्या दोन संस्कृतींनी सारखेच जाणले होते.

पुढे पेशवाईत पुण्याच्या पेठा वाढल्या आणि त्यांना वारांची नावे मिळाली. औरंगजेबाने १७०३ मध्ये वसवलेल्या मोहियाबादेची बुधवार पेठ झाली. बादशहाचे नाव पुसून दुसऱ्या राजाचे नाव लावले गेले नाही. आठवड्याचा वार लावला गेला, हा पुणेरी संयम आम्हाला विशेष वाटतो. त्यात बाजाराचा दिवस आहे, लोकांचे येणेजाणे आहे. १७३० साली पाया घातलेल्या शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा उत्तरेकडे आहे. बाजीरावांच्या मनातील नकाशा पुण्याच्या वेशीशी संपत नव्हता, हे तो दरवाजा आजही सांगतो. आणि रायगड? तेथे बाजारपेठ आहे, नगारखाना आहे, सिंहासनाची जागा आहे. पण महाराजांची समाधी आहे ती जगदीश्वराच्या सान्निध्यात. रायगड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांनी आपले नाव कोरून घेतले ते त्या देवळाच्या पायरीवर, भक्तांच्या पायांची धूळ जेथे पडेल तेथे. गेटवेच्या माथ्यावर सम्राट आणि सम्राज्ञी यांच्या आगमनाचा लेख आहे. खारोडीच्या खाणीत घाम गाळणाऱ्या हातांची नोंद त्यात कोठेच नाही.

आता मालाडकडे वळू. १९२० साली मुंबई उपनगर जिल्हा निर्माण झाला. बृहन्मुंबईच्या हद्दीत मालाड सामील झाले १९५७ साली. त्याआधीचे मालाड म्हणजे गावठाणे, पाडे, भातशेती, मिठागरे, मढ-मार्व्याचे कोळीवाडे आणि पूर्वेच्या टेकड्या. हिमांशू राय आणि देविकाराणी यांनी १९३४ मध्ये बॉम्बे टॉकीज मालाडलाच थाटली, तेव्हा ही मोकळी जागाच त्यांना भावली असावी. त्या परिसराच्या आसपास आजही सोमवार बाजार हे नाव ऐकू येते. पुण्याच्या वारांच्या पेठांचे हे धाकटे भावंडच म्हणा. पूर्वेला क्वारी रोड आहे, तो खाणींची आठवण सांगतो. खोत कुवा रोड आहे, तो विहिरीची. नकाशा विसरला तरी बोलीत नगराची मूळ रचना शिल्लक राहते, ती अशी.

या मूळ रचनेवर जी वाढ झाली तिच्यात मात्र वाक्यच नाही. रस्त्यांकडे पाहा. स्वामी विवेकानंद मार्ग, लोहमार्ग, पश्चिम द्रुतगती महामार्ग, लिंक रोड, आणि २०२३ पासून पूर्ण क्षमतेने धावू लागलेल्या दोन्ही मेट्रो मार्गिका, सारे दक्षिणोत्तर. कौटिल्याने तीन आडवे आणि तीन उभे मार्ग सांगितले, तर आपण उभेच पाच-सहा काढले आणि आडव्याचे नाव काढले की स्थानकाजवळचा भुयारी मार्ग आणि त्यातली गर्दी आठवते. पूर्वेच्या माणसाला पश्चिमेच्या नातेवाइकाकडे जाणे हा अर्ध्या दिवसाचा प्रवास होऊन बसतो. कारण या उपनगराची रचना मालाडकरांनी एकमेकांकडे जावे म्हणून झालेलीच नाही. ती त्यांनी सकाळी दक्षिणेकडे जावे आणि रात्री परत यावे म्हणून झाली. फ्रिअरने किल्ल्याच्या तीन वेशी पाडल्या, त्यांत एक चर्चगेट होते. ते दार जाऊन दीडशेहून अधिक वर्षे लोटली, तरी मालाडच्या फलाटावर रोज सकाळी उद्घोषणा होते ती त्याच नावाची. आपण त्या नसलेल्या वेशीतून अजून आत जात आहोत.

मग मध्यभागी काय आहे? दक्षिण मुंबईत साम्राज्य होते. मालाडच्या मध्यभागी कोणतीही कल्पना नाही, केवळ जागेचा भाव आहे. चिंचोली बंदराकडे जेथे शहराचा कचरा टाकला जात असे, त्याला लागून काचेच्या चकचकीत इमारती उभ्या राहिल्या. टेकड्यांच्या उतारावर, वनजमिनीच्या कडेला, ज्यांना सपाटीवर जागा परवडली नाही त्यांनी संसार मांडले. जुलै २०१९ च्या प्रारंभी एका मुसळधार पावसाच्या रात्री कुरारच्या पिंपरीपाड्यात जलाशयाची संरक्षक भिंत कोसळली आणि तीसहून अधिक माणसे गेली. त्यांत लहान मुले होती. अपघात म्हणून त्याची नोंद झाली. पण ज्या नगराच्या पाण्याचा साठा टेकडीवर आणि त्या पाण्याच्या भिंतीखाली नगराची कष्टकरी माणसे, त्याच्या नकाशात वेशीबाहेरच्या वस्तीचे जुने पाप नव्या रूपाने शिरलेले आहे, असे म्हणावे लागते. कौटिल्याच्या चांडाळांसंबंधीच्या सूत्रावर टीका करणाऱ्या आधुनिकांनी, आणि त्याचे समर्थन करू पाहणाऱ्या सनातन्यांनीही, पिंपरीपाड्याची ती रात्र आठवावी.

याहून निराळे काही घडणे अशक्य होते असे कोणी म्हणू नये. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दादर-माटुंग्याकडे आखीव वसाहतींचे पर्व सुरू झाले. त्याच ओघात १९२५ मध्ये माहीम पार्क खुले झाले आणि १९२७ साली, शिवजन्माच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने, ते शिवाजी पार्क झाले. योजना परक्या राजवटीतली, पण मैदानाला प्राण दिला तो तेथे राहावयास आलेल्या मध्यमवर्गीय मराठी माणसाने. कट्ट्यावर पेन्शनर बसले, मैदानात क्रिकेटपटू घडले, व्यायामशाळा आल्या, सभा गाजल्या, संयुक्त महाराष्ट्राचा लढा त्याने पाहिला. मधली जागा रिकामी होती म्हणूनच हे सारे तेथे मावले. त्या मोकळ्या जागेवर कोणी एखादी भव्य वास्तू उभारली असती तर दादरला एक इमारत मिळाली असती आणि ते आपले सार्वजनिक जीवन गमावून बसले असते. आमच्या मते, ब्रह्मस्थानाचा आधुनिक अर्थ मुंबईत कोठे पाहावयाचा असेल तर तो येथे.

मालाडला शिवाजी पार्क मिळाले नाही. तरी साठ ते ऐंशीच्या दशकांत उभ्या राहिलेल्या लहान लहान सोसायट्यांना एक अंगण होते. तीन मजली चार इमारती आणि मधोमध एक चौक. त्यात गणपतीचा मांडव पडे, कोजागरीचे दूध आटे, मुलीचे लग्न ठरले की साखरपुड्याच्या खुर्च्या लागत. काही ठिकाणी पहाटेची शाखाही तेथेच लागे. मैदानाअभावी ज्यांनी आपली मुले त्या चौकात वाढवली, त्यांना त्या मोकळ्या जागेचे मोल शब्दांत सांगावे लागत नाही.

आज याच सोसायट्या एकामागून एक पुनर्विकासाला निघाल्या आहेत. इमारती जुन्या झाल्या, उद्वाहक नाही, वृद्धांना जिने चढवत नाहीत. पुनर्विकासाला विरोध करणे शहाणपणाचे नाही, आणि आम्ही तो करीतही नाही. पण विकासकाकडून येणाऱ्या प्रस्तावात पहिले वाक्य काय असते? प्रत्येक सभासदाला वाढीव जागा किती फूट. दुसरे वाक्य, भाडे किती. तिसरे, कॉर्पस किती. चौक कोठे आहे, हे वाक्य प्रस्तावात बहुधा नसतेच, कारण चौक आता तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर, वाहनतळाच्या छतावर गेलेला असतो आणि त्याला पोडियम म्हणतात. तेथे खालच्या रस्त्यावरचा माणूस येऊ शकत नाही. शेजारच्या चाळीतले मूल खेळायला येऊ शकत नाही. झाड तेथे कुंडीत लागते, मातीत नाही. डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतीलच एका प्रकरणात, नियमाने ठेवावयाची किमान मोकळी जागा जमिनीवर असली पाहिजे, असा निर्णय दिला होता. नियमावल्या त्यानंतर बदलल्या, २०३४ पर्यंतचा विकास आराखडाही २०१८ मध्ये मंजूर झाला. पण कायदा काही म्हणो, सभासदांनीच आग्रह धरला तर त्यांचे अंगण जमिनीवर ठेवण्यास कोणाचीही आडकाठी नाही. तेवढे फूट कमी मिळतील, एवढेच. आणि खरी अडचण नेमकी तेथेच आहे.

आम्ही गेल्या पावसाळ्यात मालाड पूर्वेच्या एका सोसायटीच्या सभेस पाहुणे म्हणून उपस्थित होतो. सभागृह असे नव्हतेच. सभा त्याच चौकात, वर ताडपत्री बांधून भरली होती. टेबलावर नव्या मनोऱ्याची प्लायवुडची प्रतिकृती मांडली होती, आत दिवेसुद्धा लागत होते. तासभर फुटांचा हिशेब चालला. आमच्यातलेच सुशिक्षित, देवाधर्माचे, देशाच्या प्रश्नांवर पोटतिडकीने बोलणारे लोक चटईक्षेत्राच्या निर्देशांकाचे दशांश चिन्ह घेऊन भांडत होते. त्यांना दोष देण्याचा अधिकार आम्हाला नाही. आयुष्याची कमाई त्या फुटांत अडकलेली असते. अखेरीस मागच्या खुर्चीवरून एक निवृत्त शिक्षिका उभ्या राहिल्या. "भाऊ, सगळं दिसलं," त्या वास्तुविशारदाला म्हणाल्या, "पण आपण आत्ता जिथे बसलो आहोत ती जागा यात कुठे आहे?" त्याने प्रतिकृतीवर बोट ठेवले. ते बोट पाचव्या मजल्यावर होते. बाईंनी पुढे येऊन वाकून पाहिले आणि विचारले, "मग रस्त्यावरून गणपती वर कसा न्यायचा?"

लोक हसले. वास्तुविशारदही हसला, पण त्याने उत्तर दिले नाही. नंतर कोणीतरी म्हणाले की लिफ्टने नेता येईल; दुसऱ्याने मूर्तीची उंची विचारली; तिसऱ्याने शेजारच्या वस्तीतली मुले दरवर्षी मिरवणुकीत ढोल घेऊन येतात, त्यांना पाचव्या मजल्यावर कोण सोडणार, असा प्रश्न काढला. बोलता बोलता लक्षात आले की ज्या गोष्टीवर कोणाचेच दुमत नव्हते ती गोष्ट नकाशात कोणी मागितलीच नव्हती. ठराव झाला तो असा, की मधला चौक जमिनीवर, मातीसकट ठेवून दुसरा नकाशा करून आणावा, आणि त्यापायी प्रत्येक घरामागे किती फूट कमी होतात ते आकड्यात सांगावे. हात मोजले तेव्हा बहुमत फार मोठे नव्हते. प्रतिकृती दिव्यांसकट गाडीत परत गेली. पुढील सभा त्याच चौकात व्हावयाची आहे.